शाई कमी लागते हल्ली

शाईची बाटली आता दीड महिना पुरते.
बिशपचा हिशेबनीस खूश.
मीही खोटं का बोलू, मनगट कमी दुखतं.

बाबा खिडकीकडे पाठ करून बसतात.
डोळे गेल्यापासून उजेडाशी त्यांचं बिनसलंय.
माझं पीस कागदावर चालतं, ते ऐकतात.
चाळीस वर्षं त्यांनीही हेच केलं,
क्रोमेरिझच्या वाद्यवृंदासाठी, पानामागे इतके पैसे,
आणि ती पानं अजून आहेत फडताळात:
काळीभोर,
वारूळ फुटून मुंग्या पसरल्यासारखी.
चार आवाज, चारही घरधनी.
एक निघाला की दुसरा त्याचंच वाक्य उचलून मागोमाग,
तिसरा तेच उलटं धरून,
आणि खाली मंद्राची वाट, पाणचक्कीसारखी,
कुठे थांबायचं ठाऊकच नसलेली.
दुःख म्हणजे शेवटच्या रेघेपर्यंत दुःख.
आनंद एकदा सुरू झाला
की मध्येच कुणी मरत नसे.

"थांबलीस का गं, अपोलेना?"
"नाही बाबा. विराम आहे."
"एवढा?"
"सगळेच गप्प आहेत.
मग ओबो एकटीच काहीतरी विचारते, चार मात्रांचे चार घास.
मग व्हायोलिनं उत्तर देतात, तेवढंच."
"आणि बाकीचे?"
"बाकीचे तिची शाल धरून उभे.
खाली, वर, मध्ये, वर. खाली, वर, मध्ये, वर."
बाबा हसतात.
"म्हणजे पाळणा हलवताहेत."

जोर पूर्वी जिन्यासारखा होता,
या पायरीवर नाहीतर त्या.
आता चढण असते. मी बारीक अक्षरात लिहिते: वाढवत, वाढवत,
आणि पुढच्याच पानावर
रडवेला सूर कुशी बदलून हसायला लागतो.
बाबांना हे पटत नाही.
"कशावरून हसला? काय झालं मध्ये?"
काही झालं नाही, बाबा. तसंच आहे.
माणसांचंही असंच असतं, असं म्हणणार होते,
पण आई जाऊन तीनच महिने झाले होते.

वेंडेलिन भेटला मोरावाच्या पुलावर.
त्याचं हार्पसिकॉर्ड कोठीघरात गेलंय, वर मेणबत्त्यांच्या पेट्या.
तो आता कारभाऱ्याच्या मुलींना शिकवतो.
मंद्राखाली नुसते आकडे लिहिलेले असायचे, सहा, सात, चार-तीन,
आणि त्यावरून तो रोज नवं घर उभारायचा.
रचणारा अर्धं लिहायचा,
अर्धं याच्या बोटांवर सोडून निर्धास्त झोपायचा.
"तुझ्या पानांत आकडे असतात का गं?"
"नाही."
"म्हणजे मी नाही,"
असं म्हणून त्याने टोपी नीट केली
आणि बटाट्यांच्या भावावर आला.

काल रात्री मंद्राचं पान वाळत ठेवून झोपले.
सकाळी पाहते तर रेघांखाली आकडे.
वाकडेतिकडे, काही कागदाबाहेर,
टेबलाच्या लाकडावर.
पण चुकीचा एकही नाही.
हाताला धरून विचारलं: दिसत नाही, मग कसं?
"तू गुणगुणतेस लिहिताना," म्हणाले.
मला माहीत नव्हतं.

मग चाकू घेतला.
कागद न फाटता शाई खरवडायची, हेही त्यांनीच शिकवलेलं.
एकेक आकडा पुसला,
आणि पान पुन्हा पांढरं, हवेशीर, नव्या घरासारखं झालं.
मला ही हवा आवडते.
तो विराम आवडतो, ज्यात सगळे एकदम श्वास घेतात.
बाबांना हे सांगितलेलं नाही.

शेवटच्या विरामाखाली मात्र
सहा, आणि त्याखाली चार.
अजून उतरायचं बाकी आहे, असा त्याचा अर्थ.
तिथे चाकू टेकवला, आणि उचलला.

पान गेलं राजवाड्यात.
कुणी विचारलंच तर म्हणेन,
शाई उडाली.